गयाबाई आणि कोरडी विहीर

पंचशील म्हणताना गयाबाई पहिल्या शीलाला गप्प राहायच्या. पौर्णिमेला वस्तीतल्या छोट्या विहारात बायका ओळीनं बसत, हात जोडत, आणि कोणत्याही जिवाची हिंसा करणार नाही हे पहिलं शील एका सुरात म्हणत. तेवढं होईपर्यंत गयाबाई ओठ मिटून समोर बघत. दुसऱ्या शीलापासून त्यांचा भरडा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. मी एकदा कोंबड्यांची लस घेऊन लवकर पोहोचलो होतो आणि विहाराच्या दाराशी थांबलो होतो, तेव्हा हे पाहिलं. त्या बाहेर आल्यावर मी विचारलं.

“पहिलं कावून म्हनू?” चपला शोधत त्या म्हणाल्या. “आठवड्यानं पाखरांची गाडी कापायला धाडायची हाय. अन् खोटं बोलनार न्हाई, हे बी त्यातच हाय की पुढं. एक मोडलंय तेवढं बास हाय, डॉक्टर. दुसरं कशाला मोडू?”

मी डॉक्टर नव्हतो, आजही नाही. एका कोंबडीच्या कंपनीचा सुपरवायझर होतो. मोटारसायकलच्या मागं औषधाची पेटी बांधलेल्या माणसाला आष्टी तालुक्यात सगळे डॉक्टरच म्हणतात, आणि मीही ते कधी दुरुस्त केलं नाही. शेड आणि मेहनत शेतकऱ्याची, पिल्लं, खाद्य आणि औषध कंपनीचं, आणि दीड महिन्यानं तयार झालेला माल कंपनीनंच उचलायचा, असा तो धंदा. माझं काम आठवड्यातून एकदा प्रत्येक शेडवर जाऊन पिल्लांचं वजन बघायचं, मर किती झाली ते बघायचं आणि काय करा, काय करू नका ते सांगायचं. गयाबाई त्या वस्तीतल्या महिला कुक्कुटपालन सहकारी संस्थेच्या चेअरमन होत्या.

संस्था त्यांनी काढली त्यामागं एकच गोष्ट होती, आणि ती त्या कुणालाही सांगत. दसरा झाला की वस्तीत मुकादमाचे ट्रक यायचे. माणसं, शेळ्या, चुलीचे दगडसुद्धा ट्रकमध्ये चढायचे आणि ऊसतोडीला जायचे. मागं उरायची म्हातारी माणसं आणि कुलपं. गयाबाई लग्न झाल्यापासून कोयत्यावर गेलेल्या. त्यांचा थोरला मुलगा फडातच झाला, उसाच्या पाचटावर, आणि तिसऱ्या दिवशी त्या मोळ्या उचलत होत्या. भूमिहीन बायकांना शेड बांधून देण्याची सरकारची योजना आली तेव्हा त्यांनी वस्तीतल्या बायका गोळा केल्या आणि अर्ज केला. शेडच्या उद्घाटनाला आलेल्या एका साहेबांनी भाषणात विचारलं, संस्थेचा मुख्य हेतू काय. चेअरमनबाई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, “घराला कुलूप लागू नये, येवढाच हेतू हाय.” साहेबांना वाटलं बाई चोरीबद्दल बोलतात. त्यांनी पोलीस पाटलाकडं बघितलं.

पहिली पिल्लं घेऊन मीच गेलो होतो. खोक्यातून पिवळे गोळे भुशावर ओतले. गयाबाई उकिडव्या बसून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “यांची आई कुठं हाय?”

मी सांगितलं, ही मशीनमध्ये उबवतात, आई नसते.

“म्हंजी आमीच,” त्या म्हणाल्या, आणि दिवसभर शेडमधून हलल्या नाहीत.

कंपनीच्या भाषेत पक्ष्यांना माल म्हणतात. मीही म्हणतो. गयाबाईंच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नाही. त्या पाखरं म्हणायच्या. त्यांच्या घरी दोन-चार गावरान कोंबड्या असायच्या, आणि शेडमधल्या पाखरांची त्या कोंबड्यांशी त्या सारखी तुलना करायच्या. गावरान कोंबडी झाडावर चढते, उकिरडा उकरते, मांजराच्या अंगावर जाते. आमची पाखरं महिनाभरात अशी फुगत की छातीच्या वजनानं त्यांचे पाय फाकत. खायचं, बसायचं, पुन्हा सरकत खायला जायचं. एकदा त्यांनी एक पाखरू उचलून माझ्यापुढं धरलं. त्याचे पाय लोंबत होते.

“अंग वाढलं, पाय लेकराचेच ऱ्हायले,” त्या म्हणाल्या. “हे कुनी केलं डॉक्टर?”

जात तशीच आहे, असं मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. ती जात कुणीतरी तशी घडवली होती, एवढं मात्र मी गाळलं.

दिव्यांवरून आमचं भांडण नेहमीचं. पाखरांनी रात्रंदिवस खावं म्हणून शेडमध्ये दिवे चालू ठेवायचे असा कंपनीचा नियम होता. गयाबाई दिवस मावळला की दिवे घालवायच्या, आणि पाखरं भुशात माना खुपसून बसली की तिथंच दाराशी भाकरी खात बसायच्या. या शेडचं वजन दर खेपेला इतरांपेक्षा थोडं कमी भरायचं. मला वरून बोलणी बसायची, ती मी त्यांच्याकडं पोहोचवायचो.

“तुमच्या घरी दिवा घालवितेत का न्हाई?” त्या विचारायच्या.

“गयाबाई, धंदा आहे हा.”

“मग धंद्यानं बी झोपावं की घटकाभर.”

सुमन नावाची एक तरुण बाई संस्थेत होती, गयाबाईंच्या भावाची मुलगी. तिला सगळ्यांची नक्कल करता यायची. ती माझा आवाज काढून म्हणायची, “चेअरमनबाई, तुमची पाखरं झोपली, आता माझी नोकरी झोपंल.” बायका हसायच्या आणि गयाबाई सगळ्यांत मोठ्यानं हसायच्या. दिवे तरीही बंदच राहायचे.

माल उचलायला गाडी यायची तेव्हा पकडणारे लोक एका हातात चार-पाच पाखरं पायानं उलटी लोंबकळत धरत आणि पिंजऱ्यात फेकत. गयाबाई मध्ये जाऊन एकेक पाखरू दोन्ही हातांनी छातीखालून उचलून द्यायच्या. त्यानं गाडी भरायला फार उशीर व्हायचा, पोरं वैतागायची. एकजण म्हणाला, “मावशी, ती कापायलाच चालली हायत.” “म्हाईत हाय मला,” त्या म्हणाल्या, “म्हनूनच.” गाडी गेली की त्या राखेनं हात धुवायच्या आणि त्या दिवशी जेवायच्या नाहीत. उपास आहे का असं मी एकदा विचारलं. “उपास न्हाई,” त्या म्हणाल्या. “भूक न्हाई.”

हे सगळं असूनही संस्था चालली, कारण घरांना कुलपं लागली नाहीत. दोन दसरे मुकादम वस्तीवरून रिकामा परत गेला. मुलं वर्षभर शाळेत जाऊ लागली. मी हे का सांगतो आहे, तर आता त्या शेडबद्दल वाईट बोलणं सोपं आहे. तेव्हा त्या बायकांना कुणी सांगितलं असतं की ही पाखरं वाढवणं पाप आहे, तर त्यांनी विचारलं असतं की मग ऊस तोडणं काय आहे.

वरच्या गावाचं मात्र वस्तीशी बिनसत गेलं. माशा झाल्या. भाकरीवर, दुधावर, झोपलेल्या लेकरांच्या डोळ्यांवर माशा. वारा फिरला की शेडचा वास देवळापर्यंत जायचा. गावातले मोठे बागायतदार भाऊसाहेब यांनी गयाबाईंना बोलावून सुनावलं. त्यांनी उत्तर दिलं ते तालुक्यात फिरलं: “भाऊसाब, पिढ्यानपिढ्या आमाला वाऱ्याच्या खाली बसविलं. आता वाराच फिरला, त्याला मी काय करू?” पण त्या संध्याकाळी त्यांनी बायकांना शेडमधला भुसा उपसायला लावला, आणि पुढंही दर खेपेनंतर न चुकता उपसला. वास आहे हे त्यांना मान्य होतं. भाऊसाहेबांपुढं मान्य करायचं नव्हतं.

मग पाऊस गेला. सलग गेला. ओढा, हापसे, बोअर एकेक करून संपले. टँकर सुरू झाला, तो कधी यायचा, कधी यायचा नाही. शेडला पाणी जास्त लागतं. त्यातूनच औषध द्यायचं, त्याचेच उन्हाळ्यात वरून फवारे सोडायचे. टँकर आला की पाइप आधी शेडच्या टाकीला लागायचा, कारण टाकी भरली नाही तर संस्था बुडाली. बायका घागरी घेऊन थांबायच्या. एकदा सुमन घागरीवर बसून म्हणाली, “आत्या, पुढल्या जन्मी मला कोंबडी कर म्हनावं. दीडच म्हैना जगीन, पन रोज पानी पिऊन.”

बायका हसल्या. गयाबाई नेहमी हसायच्या, त्या दिवशी हसल्या नाहीत. त्यांनी पाइप टाकीतून काढला आणि सुमनच्या घागरीत सोडला. त्यानंतर आधी घागरी भरायच्या, उरलेलं टाकीत, असं ठरलं.

त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात, एका सकाळी वीज गेली ती आलीच नाही. पंखे बंद पडले. टाकीत पाणी अर्ध्याहून कमी होतं, कारण आदल्या दिवशीचा टँकर घागरींत गेला होता. मी दुपारी पोहोचलो तेव्हा बायका ओली पोती हलवत होत्या, पुठ्ठ्यांनी वारा घालत होत्या. पाखरं चोची उघडून, पंख पसरून धापा टाकत होती. पूर्ण वाढलेली होती, आठवड्यात उचलायची होती. आधी त्यांच्या धापांचा आवाज इतका होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. मग तो आवाज कमी होत गेला. मी मनात म्हणत होतो की बरं झालं, शांत होत आहेत. इतकी वर्षं या धंद्यात असून मी असं म्हणालो.

गयाबाई उंबऱ्यावर बसून एका पाखराला पदरानं वारा घालत होत्या. ते मेलं होतं.

“बायकांना पानी दिलं, ते चुकलं का डॉक्टर?”

मी नाही म्हणालो.

“तुमी न्हाई म्हनता. पन ही बी माज्याच भरोशावर होती.”

मेलेली पाखरं पुरायला खड्डा हवा. तिथली जमीन वीतभर मातीखाली नुसता मुरूम आणि खडक. पहार मारली की ठिणगी उडायची. खोदायचं मशीन भाऊसाहेबांकडं होतं, ते उद्या पाठवतो म्हणाले. त्या उन्हात उद्यापर्यंत थांबणं शक्य नव्हतं. ढीग तासातासाला फुगत होता.

वस्तीच्या कडेला एक विहीर होती. गावच्या पाणवठ्यावर हात लावू देत नसत त्या काळात वस्तीतल्या माणसांनी ती स्वतः खणलेली, सुरुंगाला पैसे नव्हते म्हणून घणानं फोडलेली. गयाबाईंचे चुलते किसनआबा तेव्हा तरुण होते, त्यांचं एक बोट त्या विहिरीत गेलं. आता ती कितीतरी वर्षं कोरडी होती. मुलं तिच्यात दगड टाकून आवाज ऐकायची. गयाबाई ढिगाकडं बघत होत्या, मग विहिरीकडं बघू लागल्या.

किसनआबांनी ओळखलं. “गया, त्या हिरीला आमचं रगत लागलंय.”

“रगत लागलंय आबा. पानी कुठं ऱ्हायलंय? हीर बी मेलेलीच हाय.” मग त्या माझ्याकडं वळल्या. “चालंल का डॉक्टर?”

मला नियम माहीत होता. मेलेले पक्षी पाण्याच्या जागेपासून लांब पुरायचे. पण समोरच्या खड्ड्याला पाण्याची जागा कुणी म्हटलं नसतं. तळाला बाभळीचं झुडूप उगवलं होतं. मी म्हणालो, “चुना जास्त टाका.”

दुष्काळात मुरलेला माणूसच ही चूक करू शकतो. पाणी नाही याची इतकी सवय होते की पाणी परत येईल हेच तो विसरतो. गयाबाई विसरल्या याचं मला नवल वाटत नाही. मी रोज संध्याकाळी कडा गावातल्या माझ्या घरी जात होतो, तिथं नळाला पाणी येत होतं. मला विसरायला काही कारण नव्हतं.

त्या दिवशी सुरू झालेलं पुढं चालूच राहिलं. कंपनीनं पुन्हा पिल्लं टाकली, संस्था पुन्हा उभी राहिली, आणि रोजची मेलेली पाखरं विहिरीत जाऊ लागली. कुणी पत्र्याचं झाकण केलं. मी आठवड्याला जायचो, झाकण बघायचो, बरं आहे म्हणायचो.

एका वर्षी परतीचा पाऊस आला आणि थांबेचना. ओढा फुगला. तिसऱ्या दिवशी मुलं ओरडत आली की विहिरीत पाणी आलं. अख्खी वस्ती विहिरीवर गेली. किसनआबांना खाटेवर घालून नेलं. झाकण बाजूला केलं तेव्हा पाणी दिसलं, खूप वर आलेलं, आणि त्यावर पिसांचा पांढरा थर होता. आबांना कमी दिसायचं. ते विचारत राहिले, “किती आलंय? गोड हाय का?” गयाबाईंनी झाकण परत लावलं.

शेजारच्या हापशालाही तोच वास येऊ लागला. तोवर लोक आठवडाभर तो वापरत होते. घरोघर जुलाब सुरू झाले. सुमनची मुलगी आष्टीच्या दवाखान्यात बरेच दिवस होती. वाचली, पण परत आली तेव्हा तिला चालायला धरावं लागत होतं. पाणी कुणी पिऊ नये म्हणून हापशाला लाल रंग दिला गेला, शेडचं बोअरही तपासणीत नापास झालं. सगळ्या तालुक्याचे टँकर बंद झाले, शिवारात पाणी मावेना, आणि या एका वस्तीला टँकर. वरच्या गावची माणसं तो बघायला यायची.

कंपनीनं कळवलं की या शेडला पिल्लं देता येणार नाहीत, पाणी योग्य नाही. तो निरोप घेऊन मलाच पाठवलं. शेडच्या दाराशी बायका बसल्या होत्या. मी उभ्याउभ्या सांगितलं. वाटेत मी ठरवलं होतं की विहिरीला मीच हो म्हणालो होतो हे सगळ्यांसमोर बोलायचं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात गयाबाई म्हणाल्या, “हीर मी नासवली. डॉक्टरला इचारलं, पन त्यायला काय, ते परगावचे. आबा नगं म्हनत होते, त्यांचं ऐकलं न्हाई.”

त्यांनी मला वाचवलं असं त्यांना वाटत होतं का, मला माहीत नाही. मी गप्प बसलो. ओठ मिटून बसण्याचा त्यांना जसा हक्क होता तसा मला नव्हता.

सुमननं त्या दिवशी कुणाची नक्कल केली नाही. ती एवढंच म्हणाली, “आत्या, मग कोयता घ्यायचा का?”

दसऱ्यानंतर ट्रक आला. सुमन गेली, पोरीला घेऊन गेली. हळूहळू सगळ्या गेल्या. गयाबाईंना मुकादमानं घेतलं नाही. नवरा वारलेला, जोडी नाही, वय झालेलं. मागं राहिलेल्या त्या बाईनं उन्हाळ्यात विहीर उपसायला घेतली. पाण्याला भाड्यानं इंजिन लावलं, खालचा गाळ स्वतः दोरावरून उतरून बादलीनं काढला. पावसात विहीर पुन्हा भरली. वास कमी झाला होता, गेला नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी ती पुन्हा उपसली. किसनआबा तोवर वारले होते.

मी अजून याच कंपनीत आहे. नोकरी सोडायला हवी होती असं मला वाटतं. वाटणं आणि सोडणं यांच्यामध्ये मुलांची शिक्षणं होती, असं मी स्वतःला सांगतो.

गयाबाईंना मी शेवटचं पाहिलं ते भाऊसाहेबांच्या नव्या शेडवर. माशांबद्दल तक्रार करणाऱ्या भाऊसाहेबांनी ओढ्यापलीकडं आमच्याच कंपनीसाठी शेड बांधलं. गयाबाईंच्या संस्थेच्या शेडसारखी कितीतरी मावतील एवढं लांब, चारी बाजूंनी बंद, एका टोकाला भिंतभर पंखे. आत दिवस कुठला, रात्र कुठली ते बाहेरच्या सूर्यावर ठरत नाही. मी तपासणीला गेलो होतो. मेलेले पक्षी कुठं पुरता, असं मी मॅनेजरला विचारलं. आता मी कुठल्याही शेडवर ते सगळ्यांत आधी विचारतो.

“एक म्हातारी ठिवलीय त्याला,” तो म्हणाला. “रोज सकाळी मेलेले उचलते, खड्डा बी तीच घेते. येडीच हाय, साहेब. कंबरेयेवढा बास म्हनलं तरी खनतच ऱ्हाते.”

मी शेडच्या मागं गेलो. लालसर, भुसभुशीत मुरुमाचा ढीग होता आणि त्यामागून पहारीचा आवाज येत होता. जवळ जाऊन वाकून बघितलं तेव्हा खाली गयाबाई होत्या. खड्डा त्यांच्या डोक्याच्या वर गेला होता. शेजारी बादलीत सकाळची पाखरं होती, फडक्यानं झाकलेली.

“या डॉक्टर,” त्या म्हणाल्या, जणू मी रोज येतो. “जपून. कड ढासळतीय.”

“गयाबाई, झालं की. एवढा खोल कशाला?”

“बगते जरा. खाली वल हाय का त्ये बगते. असली तर हितं न्हाई टाकायची, दुसरीकडं घ्यायचा खड्डा.”

मला काही बोलायचं होतं. विहिरीच्या वेळी मी काय म्हणालो होतो ते त्यांना आठवतं का, हे विचारायचं होतं. तेवढ्यात पलीकडच्या रस्त्यानं शेरडं घेऊन एक माणूस चालला होता. मुरुमाचा ढीग आणि पहारीचा आवाज असला की आमच्याकडं जाणारा-येणारा एकच गोष्ट विचारतो. त्यानं तिथूनच हाळी दिली.

“लागलं का पानी, मावशे?”

गयाबाईंनी तळाचा मूठभर मुरूम उचलला, दाबून बघितला आणि नाकाशी नेला. मुरूम बोटांतून कोरडा गळून पडला.

“न्हाई लागलं बाबा,” त्या म्हणाल्या, “अजून तरी न्हाई,” आणि त्यांनी पुन्हा पहार उचलली.